वेग हवा की खात्री?

तारापूरच्या किनारपट्टीवर पावसाळ्यात अचानक वीज गेली, तर यूपीएस नसलेल्या संगणकाच्या डिस्कवर काय उरेल? लिनक्समध्ये हे बरेचसे फाइल सिस्टिमच्या पर्यायांवर ठरते.

जर्नल : पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली डेबियन या लिनक्स वितरणावर बेतलेली आहे. डेबियनची नेहमीची फाइल सिस्टिम ईएक्सटी४. डिसेंबर २००८मध्ये लिनक्स २.६.२८ने तिला स्थिर ठरवले. तिच्या ‘जर्नल’ पर्यायात मजकूर आधी नोंदवहीत, मग जागेवर, असा दोनदा लिहिला जातो. तो सर्वांत सुरक्षित, पण बहुधा संथ. ‘ऑर्डर्ड’मध्ये आधी मजकूर, मग त्याची नोंद, मूळ पर्याय हाच. ‘राइटबॅक’ हा क्रम पाळत नाही. वेग मिळतो, पण वीज गेल्यावर फाइलमध्ये भलताच जुना मजकूर दिसू शकतो.

उशिरा जागावाटप : ईएक्सटी४ डिस्कवरची जागा शेवटच्या क्षणी वाटते, त्यामुळे फाइलचे तुकडे कमी होतात. मात्र २००९मध्ये, संगणक अचानक बंद पडल्यावर, काहींच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या. ईएक्सटी४चे विकसक थिओडोर त्सो यांचा उपाय लिनक्स २.६.३०मध्ये आला.

वाचनाची वेळ : फाइल नुसती वाचली तरी ती वेळ डिस्कवर नोंदायची, हा युनिक्सचा जुना रिवाज. ‘नोएटाइम’ तो बंद करतो. २.६.३०पासूनचा मूळ पर्याय ‘रीलेटाइम’ मोजक्याच वेळा नोंद करतो.

फ्रीबीएसडी : लिनक्सहून वेगळ्या, युनिक्स घराण्यातल्या या प्रणालीत ‘सॉफ्ट अपडेट्स’ लेखनाचा क्रम सांभाळतात. बिघाडानंतरची लांबलचक तपासणी टाळण्यासाठी २०१२च्या ९.० आवृत्तीत त्यांना छोटे जर्नल जोडले गेले.