मागच्या सीटवर बसणारीचा विमा



चैत्र पौर्णिमा आली की आपल्याकडे विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जायची लगबग सुरू होते. एसटीला गर्दी, म्हणून साठीतली जोडपीही मोटरसायकलनेच निघतात. कुणी जव्हार-मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वर गाठतात. आजोबा चालवतात, आजी मागे बसते. विम्याचं विचारलं की उत्तर येतं, "गाडीचा आहे की!" पण तो विमा नेमका कुणाचा?

कायद्याने सक्तीचा असतो तो थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाचं नुकसान झालं, तर त्यातून भरपाई मिळते. सोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. मात्र गाडी मुलाच्या नावावर असेल आणि वडील चालवत असतील, तर वडिलांना तो लागू होत नाही. लायसन्सची मुदत संपली असली तरी दावा अडतो. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळतं, म्हणून तारीख बघून ठेवा.

आणि आजी? आपलीच गाडी घसरली, तर नुसत्या थर्ड पार्टी विम्यातून तिला काही मिळत नाही. म्हणून विमा पुन्हा काढताना एजंटला स्पष्ट सांगा, "मागे बसणाऱ्याचा अपघात विमाही जोडा." पॉलिसीवर ती रक्कम लिहिली आहे ना, हे वाचूनच पैसे द्या.

आता सगळ्यांत स्वस्त विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयासाठी आहे. वर्षाला २० रुपये बचत खात्यातून आपोआप कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्यात खात्यात २० रुपये नसतील, तर विमा बंद पडतो. दोन खात्यांतून पैसे कापले गेले, तरी भरपाई एकदाच मिळते. दवाखान्याचा खर्च यात नाही.

जास्त रकमेचा हवा असेल, तर कंपनीकडे 'सरल सुरक्षा विमा' मागा. तो अडीच लाखांपासून मिळतो आणि सत्तरीपर्यंत नवा काढता येतो. अपघातानंतरच्या दवाखान्याच्या खर्चाचा भाग त्यात वेगळे पैसे भरून जोडता येतो. दोन-तीन कंपन्यांचा हप्ता विचारून मगच ठरवा.

सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावं. उत्पन्नाची अट नाही, आधार कार्ड पुरतं. योजनेतल्या रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. शिवाय २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना, योजनेतल्या रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची तरतूद आहे. अपघात झाला की आधी ११२ ला फोन करा. पोलिसांचा पंचनामा करून घ्या, विम्याचा दावा त्याच कागदावर उभा राहतो.

हेल्मेट दोघांनाही हवं, मागच्या सीटवरच्या बाईलासुद्धा.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीने घरच्या वडीलधाऱ्यांची तीन माहिती वहीत लिहून आणा: वय, लायसन्सची तारीख, आणि २० रुपये कापले गेल्याची पासबुकातली नोंद. जिची नोंद सापडणार नाही, तिचा अर्ज त्याच दिवशी भरू.