यकृतातील दाब आणि औषधाची कसोटी

यकृतात साठलेली चरबी कित्येक वर्षे निरुपद्रवी भासते. काही रोग्यांत मात्र तिच्यामुळे दाह उद्भवतो, दाहाच्या जागी तंतुमय ऊतक साचत जाते आणि यकृत कठीण व गाठाळ बनते. हाच सिऱ्हॉसिस होय. आतडी व प्लीहा यांतील रक्त यकृताकडे नेणाऱ्या प्रवेशिका नीलेचा मार्ग त्यामुळे अवरुद्ध होतो. यकृताच्या अलीकडील व पलीकडील नीलांतील दाबांत निरोगी माणसाच्या ठायी पाऱ्याच्या १ ते ५ मिलिमीटर इतका फरक असतो. तो १० वर गेला, की रक्त आडवाटा शोधू लागते आणि अन्ननलिकेतील नीला फुगतात. अशी नीला फुटल्यास रक्ताची उलटी होऊन प्राणांवर बेतते.

हे संकट आधीच टळेल काय? तंतुमय ऊतकाच्या वाढीस गॅलेक्टिन-३ हे प्रथिन हातभार लावते. सफरचंदातील पेक्टिनापासून तयार केलेले बेलापेक्टिन हे औषध त्या प्रथिनास बांधून ठेवते. अमेरिकेत १६२ रोग्यांवर त्याची चाचणी झाली. एका गटास वजनाच्या दर किलोग्रॅममागे २ मिलिग्रॅम, दुसऱ्यास ८ मिलिग्रॅम औषध आणि तिसऱ्यास औषधविरहित द्रव, असे ५२ आठवडे शिरेतून देण्यात आले. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराशाजनक होता. दाब उतरल्याचे सिद्ध झाले नाही. परंतु ज्या ८१ रोग्यांत आरंभी फुगलेल्या नीला नव्हत्या, त्यांपैकी २ मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांत नव्या नीला कमी फुगल्या.

एवढ्यावर औषध गुणकारी म्हणावे काय? नाही. पीक हाती आल्यावर ज्या कोपऱ्यात कणसे भरली तेवढाच दाखवून बियाण्याची प्रतवारी ठरवता येत नाही. तो कोपरा पेरणीपूर्वीच आखावा लागतो. म्हणून नीला न फुगलेलेच रोगी निवडून अठरा महिन्यांची नवी चाचणी योजण्यात आली आणि नव्या नीला फुगणे हीच कसोटी आधी ठरविण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, सर्व रोगी हिशेबात धरता औषधाचा लाभ निःसंशय ठरला नाही. नियमानुसार उपचार पूर्ण करणाऱ्यांपुरते पाहता मात्र २ मिलिग्रॅमच्या गटात नव्या नीला लक्षणीय कमी आढळल्या.

हा दुसरा हिशेब आशादायक खरा. पण उपचार मध्येच सोडणारेही रोगीच असतात. त्यांना वगळून काढलेला निष्कर्ष पुढील शोधाची दिशा दाखवू शकेल, अखेरचा निवाडा देऊ शकणार नाही. रोग्याच्या हिताचे रक्षण या कठोरपणातच आहे.