हात आणि निर्णय यांमधले अंतर

मोबाईलचा निष्कारण वापर आटोक्यात यावा म्हणून मोबाईलमध्येच एखादे ॲप बसवावे, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटली, तरी २०१८ साली ॲपलने ‘स्क्रीन टाइम’ आणि गूगलने ‘डिजिटल वेलबीइंग’ ही साधने आपापल्या प्रणालींत अंतर्भूत केल्यापासून तिला रीतसर मान्यता लाभलेली आहे. त्यानंतर या प्रकारची ॲप्स पुष्कळ निघाली, निघतही आहेत. परंतु ती घडवणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या मनात काही समज असे दृढ झालेले आहेत, की त्यांच्या पायावर उभे केलेले ॲप कितीही देखणे असले, तरी पंधरवड्याच्या आत काढून टाकले जाते. या समजांची छाननी करणे मला अगत्याचे वाटते, कारण प्रश्न माणसाच्या अवधानाचा, म्हणजे पर्यायाने त्याच्या आयुष्याचाच आहे.

सर्वांत प्रचलित समज असा, की माणसापुढे त्याच्या वापराचा हिशेब मांडला म्हणजे तो आपोआप सावरतो. हिशेब उपयुक्त आहे, यात शंका नाही. आपण फोन किती वापरतो याविषयीचा आपला स्वतःचा अंदाज फारसा भरवशाचा नसतो, आणि २०२१ साली ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्र धांडोळा घेतला गेला, तेव्हा लोकांनी सांगितलेला वापर आणि यंत्राने नोंदलेला वापर यांचा मेळ जेमतेमच बसत असल्याचे आढळले. परंतु रात्री निजताना वाचलेला चार तासांचा आकडा दुसऱ्या दिवशी दुपारी, कंटाळ्याच्या एखाद्या क्षणी हात खिशाकडे जातो तेव्हा, तिथे हजर नसतो. घडून गेलेल्या गोष्टीचा ताळेबंद पुढच्या क्षणाच्या मदतीला येत नाही, एवढीच त्याची मर्यादा.

दुसरा समज नोटिफिकेशनविषयीचा. घंटी वाजते म्हणून आपण फोन उचलतो, तेव्हा घंटी बंद केली की काम झाले, असे बहुतेकांना मनापासून वाटते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या दोघा संशोधकांनी या समजाची पारख मोठ्या कल्पकतेने केली: ३७ जणांना अंगावर छोटे कॅमेरे लावायला दिले आणि फोनशी आलेल्या एक हजाराहून अधिक संपर्कांचे चित्रण तपासले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार त्यांतले ८९ टक्के संपर्क कोणत्याही सूचनेवाचून, माणसाने आपण होऊन केलेले होते. सूचना सरसकट बंद करण्याचा परिणामही अपेक्षेप्रमाणे होत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्यांना सूचना दिवसातून तीन ठरावीक वेळी एकत्र मिळत होत्या, त्यांचे चित्त अधिक स्थिर राहिले. उलट ज्यांच्या सूचना पूर्णपणे थांबवल्या होत्या, त्यांना हा लाभ फारसा झाला नाही आणि काहीतरी निसटते आहे ही धास्ती मात्र वाढली. टपाल ठरल्या वेळी येते हे ठाऊक असलेला माणूस घडोघडी दाराशी जात नाही. सूचनांची व्यवस्था करणाऱ्याने तीच तजवीज करावी.

मग सूचनेवाचून हात फोनकडे का जातो? बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला म्हणजे प्राणी तीच कृती अधिक चिकाटीने करत राहतो, हे फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली सविस्तर मांडून ठेवलेले आहे, आणि बोटाने ओढून ताजी होणारी यादी त्या तत्त्वाबाहेर नाही. त्यात २००६ च्या सुमारास एझा रॅस्किन या रचनाकाराने कधीच न संपणाऱ्या पानाची युक्ती काढली, तेव्हा पानाच्या शेवटी वाचक जो क्षणभर थांबत असे, तो थांबाही नाहीसा झाला. याचा अर्थ असा, की फोन उघडणारा हात पुष्कळदा निर्णयाची वाट पाहतच नाही. ॲपने जे करायचे ते नेमके इथे: हात आणि निर्णय यांच्यामध्ये हरवलेले अंतर परत निर्माण करायचे.

हे अंतर किती लहान असले तरी चालते, याचे उत्तम उदाहरण ‘वन सेक’ हे ॲप होय. ठरवून दिलेले एखादे ॲप उघडू लागताच ते काही क्षण थांबवते, श्वास घ्यायला लावते, आणि मग पुढे जायचे की परतायचे हे विचारते. त्याच्या २८० वापरकर्त्यांच्या सहा आठवड्यांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२३ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ॲपचा कर्ता त्याच्या लेखकांपैकी एक आहे, ही गोष्ट वाचकाने ध्यानात घ्यावी. शंभरांतल्या ३६ वेळा लोक त्या उंबरठ्यावरूनच परतले, आणि पहिल्या आठवड्याच्या तुलनेत सहाव्या आठवड्यात उघडण्याचे प्रयत्नच ३७ टक्क्यांनी कमी झाले. मला अधिक मोलाचा वाटतो तो त्या संशोधकांचा पुढचा प्रयोग, ज्यात त्यांनी विलंब, विचार करायला सांगणारा संदेश आणि परत फिरण्याचा पर्याय हे तीन घटक सुटे करून पाहिले. सर्वांत परिणामकारक ठरला तो परत फिरण्याचा साधा पर्याय. विलंबाचाही उपयोग झाला. संदेश मात्र निष्प्रभ ठरला. आपल्याकडची कितीतरी ॲप्स सुभाषितांनी आणि कानउघाडणीने भरलेली असतात. त्यांच्या कर्त्यांनी ती सगळी वाक्ये काढून टाकून तिथे ‘राहू दे’ एवढेच एक ठळक बटण ठेवावे.

याच्या अगदी उलट टोकाचा समज असा, की कुलूप जितके कडक तितके ॲप चांगले. येथे ऑलकॉट, गेंट्झको आणि साँग या तीन अर्थशास्त्रज्ञांचा २०२२ सालचा अभ्यास मार्गदर्शक आहे. त्यांच्या ॲपमध्ये प्रत्येकाला आपली मर्यादा आपणच ठरवण्याची मुभा होती, परंतु बदललेली मर्यादा अमलात यायची ती दुसऱ्या दिवसापासून. शांतपणे घेतलेल्या निर्णयाला मोहाच्या क्षणी रद्द करता येऊ नये, एवढीच ही तजवीज. पण वापर लक्षणीय कमी झाला. त्यांच्या हिशेबाने समाजमाध्यमांच्या वापरापैकी सुमारे ३१ टक्के भाग आत्मसंयमाच्या अभावामुळे घडतो. आता या आकड्याची दुसरी बाजू पाहावी: उरलेला दोन-तृतीयांशांहून अधिक वापर माणसाला हवा असतो. साताऱ्यात बसलेली आई ज्या व्हॉट्सॲपवरून न्यू जर्सीतल्या नातवाचे तोंड पाहते, त्याच व्हॉट्सॲपवर तिचा दुपारचा तासही निरर्थक चित्रफितींत जातो, आणि सबंध ॲपलाच टाळे ठोकणारी रचना या दोहोंत भेद करू शकत नाही. असे कुलूप पहिल्याच अडचणीच्या वेळी तोडले जाते, आणि एकदा काढून टाकलेले ॲप क्वचितच पुन्हा बसवले जाते. मर्यादा नेमकी असावी, तिला सुटीची वाट असावी, पण ती वाट किंचित लांबची असावी.

अशा ॲपला फोनमधले सारे काही पाहण्याचा अखत्यार द्यावाच लागतो, हाही एक समजच. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून केवळ वापराच्या नोंदी वाचण्याची स्वतंत्र परवानगी आहे, जी मालकाने सेटिंगमध्ये जाऊन स्वहस्ते द्यायची असते. त्याऐवजी पुष्कळ ॲप्स ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ती मुळात दिव्यांगांच्या सोयीसाठी निर्माण झालेली असून तिच्याद्वारे पडद्यावरचा मजकूरही वाचता येतो, म्हणून ती मागण्यापूर्वी रचनाकाराने दहादा विचार करावा. ॲपलने २०२१ मध्ये अशा ॲप्सच्या रचनाकारांसाठी जी चौकट खुली केली, तिच्यात मालकाने कोणती ॲप्स निवडली हे अडवणाऱ्या ॲपलाही कळत नाही. त्याला मिळते ती फक्त एक अपारदर्शक खूण. आणि जे काम सर्वस्वी फोनच्या आत होऊ शकते, त्यासाठी इंटरनेटची परवानगी न मागणे हा विश्वासाचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

एकवीस दिवसांत सवय जडते किंवा सुटते, या समजाचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातल्या एका निरीक्षणात आहे. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील अभ्यासात सवय मुरायला लागलेला मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला, आणि तोही माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलता. शिवाय एखादा दिवस चुकला म्हणून त्या प्रक्रियेत फारसे बिघडत नाही, असेही दिसले. असे असता एक दिवस चुकताच सगळी मोजणी शून्यावर आणणारी सलग दिवसांची मालिका (‘स्ट्रीक’) ॲपमध्ये आपण का ठेवतो? पदके, गुण आणि मालिका यांचा भडिमार करून स्वतःकडेच लक्ष ओढणारे ॲप ज्या रोगावर उपाय म्हणून आले, त्याचीच भर घालते, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला तो समज, की हा सारा प्रश्न व्यक्तीच्या मनोदौर्बल्याचा आहे. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे, ‘मोबाईलचे व्यसन’ म्हणून स्वतंत्र नोंद नाही. तरीही ज्यांची स्थिती खरोखर गंभीर आहे, त्यांनी ॲपवर विसंबू नये. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र चालते. इतर सर्वांसाठी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली जे केले ते विचार करण्याजोगे आहे. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवावेत असा गावाचा ठराव आहे. आशासेविका, अंगणवाडीसेविका आणि शिक्षक यांनी घरोघरी जाऊन तो लोकांच्या गळी उतरवला. शेजारचाही फोन बाजूला ठेवून बसला आहे, हे ठाऊक असले म्हणजे काहीतरी निसटण्याची धास्तीच उरत नाही. एकट्या माणसाच्या फोनमधले एकटे ॲप हे कधीच साधू शकत नाही.

आजची बहुतेक सगळी ॲप्स एका माणसासाठी आणि एका फोनसाठी रचलेली आहेत. पुण्यामुंबईत, नागपुरात वा नाशकात जे मराठी तरुण ही ॲप्स घडवत आहेत, त्यांना माझी विनंती आहे, की घरातल्या चौघांनी मिळून ठरवलेली एक वेळ चारही फोनांवर एकदम लागू होईल आणि ती बदलायला चौघांचीही मंजुरी लागेल, अशी सोय त्यांनी करावी, तिचा सारा मजकूर आजीला वाचता येईल अशा मराठीत लिहावा, आणि ती वापरण्याबद्दल कोणाकडून पैसे घेऊ नयेत.