कूलर बंद, दारं उघडी

मे महिन्यात जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळच्या एखाद्या मिस्त्रीला पेट्रोल गाडीचा पंप बदलायला सांगा. तो हमखास म्हणेल, "सकाळी आणा. आणि टाकी फुल करून आणू नका." गिऱ्हाइकाला वाटतं, टाळतोय. पण पारा पंचेचाळिशीला टेकलेला, वर पत्र्याचं शेड तापलेलं आणि खाली टाकी उघडायची. पेट्रोल उणे चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्या वैशाखाचं काय बोलावं?

मी ज्या गॅरेजात हे काम बसून पाहिलं, तिथल्या मिस्त्रींना सगळे आप्पा म्हणतात. गाडीला हात लावण्याआधी आप्पांनी कूलर बंद केला. उन्हाळ्यात कूलर बंद करणारा माणूस खानदेशात वेडाच ठरायचा, पण कारण साधं आहे: बटण दाबताना आत बारीक ठिणगी उडते. म्हणून टाकी उघडली की कूलर लावायचाही नाही आणि चालू असेल तर बंदही करायचा नाही, जे काय करायचं ते आधी. मग त्यांनी गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावरून ढकलून बाहेर लिंबाच्या सावलीत घ्यायला लावली. पोऱ्या मोबाईल घेऊनच जवळ आला, तसा आवाज चढला, "काय करी राहिना रे भो?" मोबाईल टेबलावर गेला.

खड्ड्याचं भय खरं आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती उडून जात नाही, खाली बसते. खड्ड्यात साचते आणि हँडलॅम्पचा बल्ब फुटायची वाट पाहते. हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या आसपास वाफ असली की एक ठिणगी पुरे. गाडीत भरायचा एलपीजी गॅसही असाच जड. नोव्हेंबर 2024 मध्ये जळगावात ओम्नी गाडीत बेकायदा गॅस भरताना स्फोट झाला आणि त्यात माणसं गेली, हे इथे कोणी विसरलेलं नाही.

पुढचं काम प्रेशर काढण्याचं. आप्पांनी पंपाचा फ्यूज उपटला आणि इंजिन चालू केलं. लाईनीत उरलेल्या पेट्रोलवर ते काही क्षण चाललं, अडखळलं, बंद पडलं. खात्रीसाठी पुन्हा एकदा सेल्फ मारला. चावी काढली, दहाचा पाना घेतला आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडली. टाकीचं झाकण फिरवलं, आतून फुस्स आवाज आला. एवढं होईस्तोवर चांगला वेळ गेला होता आणि गाडीमालकाच्या लेखी काम अजून सुरूच झालं नव्हतं. बिलात या तयारीचा रकाना नसतो. माझ्या मते असायला हवा.

मागची सीट उचलली. पंपाच्या झाकणाभोवती रस्त्याची धूळ थापून बसली होती. ती हवेच्या नळीने उडवली नाही, ब्रशने झाडून ओल्या फडक्याने टिपली. कचरा टाकीत पडला तर नवा पंपही महिन्याभरात चोंदतो. मग पाईपचा जोड. टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, या लाईनीत तीन बार किंवा जास्तच. प्रेशर काढलं तरी थोडं उरतं. आप्पांनी जोडावर सुती फडकं गुंडाळलं, तोंड बाजूला केलं आणि क्लिप दाबली. फडकं भिजलं, शिंतोडा मात्र उडाला नाही. ते फडकं लगेच बाहेर, मोकळ्या जागी. कचऱ्याच्या बंद डब्यात नाही. टाकीतलं पेट्रोल हातपंपाने काढलं. नळी तोंडात धरून ओढायची जुनी सवय अजून कुठे कुठे दिसते. त्यातला एक घोट फुप्फुसात गेला तर माणूस दवाखान्यात.

पाईपाची टोकं आप्पा नखाने दाबून पाहत होते. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ते काही अंशी आपल्याच मक्याचं आणि उसाच्या मळीचं, पण जुन्या गाड्यांच्या रबराला ते मानवत नाही. एक पाईप भेगाळला होता, तोही बदलला. नवा पंप बसवला, ओ-रिंगही नवी. मग केबल जोडून चावी नुसती ऑन-ऑफ केली, दोन-तीनदा. पंप घुरघुरला, लाईन भरली, आप्पांनी टॉर्चने एकेक जोड तपासला. कोरडं दिसल्यावरच इंजिन चालू. पावडरचा सिलिंडर आणि वाळूची बादली शेवटपर्यंत हाताशी होती. पाणी ठेवलं नव्हतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि पाण्यासोबत आगही पसरते.

धुळ्यात मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेची गॅरेजं डिझेलवर जगतात. तिथे आगीचं भय कमी, पण दुसरंच एक मोठं. कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार-दीड हजार बारने धावतं आणि गळती केसाएवढी असली तर डोळ्याला दिसत नाही. ती शोधायला चालू इंजिनावर बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरायचा. बोट लावलंच, तर धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही, आत मात्र डिझेल पसरत जातं. अशी धार लागलेल्या ड्रायव्हरला पट्टी बांधून पुन्हा स्टिअरिंगवर बसवायचं नाही, त्याच पावली हिरे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्यायचं आणि सर्जनला सांगायचं की डिझेल आत गेलंय.