सेल्फ बोलेना!

जुन्या मोटारीच्या मालकाकडे शेजारी दोन नजरांनी पाहतात. एक कौतुकाची आणि दुसरी धास्तीची. सकाळी त्याच्या फाटकातून "अहो, जरा हात लावता का?" अशी हाक आली, की हातातला चहा खाली ठेवून धक्का मारायला जावे लागते ना! वास्तविक या धक्क्याचे मूळ बहुतेक वेळा एंजिनात नसतेच. एंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे, खालच्या अंगाला, तेला-मातीने माखलेला एक लोखंडी डबा बोल्टांनी जखडलेला असतो. पुस्तके त्याला स्टार्टर मोटर म्हणतात. आपल्याकडचे मेस्त्री नुसतेच 'सेल्फ' म्हणतात, आणि मला तेच नाव आवडते. आपले आपण चालू होणे, एवढेच तर त्याचे काम.

हा सेल्फ नव्हता तेव्हा मोटार हँडल फिरवून चालू करीत. एंजिनाने उलटा हिसका दिला, की फिरवणाऱ्याचे मनगट मोडायचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअराने यावर उपाय काढला, आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर बसला. हा गृहस्थ त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर जोडण्याच्या खटपटीत होता. गल्ल्याचा खण उघडायला क्षणभरच जोर लागतो, मग मोटर लहान असली आणि तिच्यावर क्षणभर भलता भार टाकला तरी बिघडत नाही, हे त्याला तिथे उमगले होते. तोच विचार त्याने मोटारगाडीला लावला. म्हणूनच सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे, असे सांगतात. तो दमदार असतो, पण दमाचा नसतो.

आमची गाडी पद्मिनी. इंदापूर तालुक्यातल्या माणसाने पद्मिनी बाळगणे यात एक आपलेपणाही आहे. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाने आमच्या तालुक्यातले वालचंदनगर ओळखले जाते, त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली आणि पुढे तिचेच नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरात गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे मृत्युलेखच आले. इंदापुरात आमची चालूच होती. निदान पौषातल्या त्या मंगळवारपर्यंत तरी.

त्या गुरुवारी सकाळी सात वाजता आईला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बारामतीला न्यायचे होते. आईचा उजवा गुडघा वाकत नाही. मागच्या सलग बाकावर पाय लांब करून बसता येते, ही पद्मिनीची सोय तिला माहीत. भाड्याच्या गाडीत आदल्या वर्षी केलेल्या प्रवासाने ती दोन दिवस अंथरुणाला खिळली होती. "तारीख पुढं ढकला, पण त्या डबीत मला कोंबू नका," असे तिने स्वच्छ सांगितले. तारीख पुढे ढकलायची तर महिना जाणार होता, आणि तिला एव्हाना तांदूळ निवडतानाही खडा दिसेनासा झाला होता. आणि मंगळवारी किल्ली फिरवली, तर नुसतेच 'टक्'.

'टक्' म्हटले की लोक बॅटरी बदलतात. हा खर्च पुष्कळदा फुकट जातो. आमचे मामा वालचंदनगरच्या कारखान्यात उभी हयात फिटर होते. वय ऐंशीच्या पुढे. ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "अरे, आधी दिवे लाव, मग किल्ली फिरव." पुढचे दिवे लावून किल्ली फिरवली आणि दिवे विझू-विझू झाले, तर बॅटरी दमलेली, तिच्या टोकांवर मळ साचलेला किंवा सेल्फ अडकलेला. दिवे जसेच्या तसे राहिले, तर सेल्फ वीज घेतच नाही. आमचे दिवे हलले नाहीत. मीटर लावला, तर बॅटरी १२.६ व्होल्ट, चांगल्या भरलेल्या बॅटरीचा हाच आकडा. मुलीने किल्ली फिरवली तेव्हा मी सेल्फच्या जाड तारेच्या खिळीवर मीटर धरला. वीज पुरती तिथवर पोहोचत होती. डोक्यावरच्या सॉलिनॉइडमधून पलीकडे, खुद्द मोटरच्या खिळीवरही येत होती. म्हणजे 'टक्' करणारा सॉलिनॉइड निर्दोष. वीज दाराशी उभी आणि घरात कोणी उठत नाही, असा प्रकार.

मामांनी हातोडीचा लाकडी दांडा मागितला आणि सेल्फच्या अंगावर दोन हलके ठोके द्यायला लावले. गाडी चटकन चालू झाली! मुलगी टाळ्या पिटू लागली. मामा मात्र म्हणाले, "कार्बन झिजलेत. आज ठोक्यानं टेकले, परवा टेकतीलच असं नाही."

हे कार्बन म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेले छोटे ठोकळे. फिरणाऱ्या आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर ते घासत राहतात आणि त्यांतूनच वीज आत जाते. झिजून आखूड झाले, की स्प्रिंग त्यांना टेकवू शकत नाही. ठोका दिला की क्षणभर टेकतात, इतकेच. शस्त्रक्रिया झालेल्या आईला मागे बसवून दवाखान्याच्या दारात मी हातोडी शोधावी, हे काही मला पटेना.

तेव्हा सेल्फ काढायचे ठरले. गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रल, हातब्रेक ओढलेला, चाकांना दगड. गाडी उचलावी लागली, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत. जॅक घसरला तर दुसरी संधी मिळत नाही. मग बॅटरीची अर्थिंगची, म्हणजे आमच्या गाडीत ऋण टोकाची, तार आधी सोडवायची. याला कारण आहे. धन टोक सोडवताना पाना चुकून गाडीच्या अंगाला टेकला, तर बॅटरीतली सगळी वीज त्या पान्यातून धावते आणि पाना लाल होतो. अर्थिंग आधी सुटली असेल, तर पाना कुठेही टेको, काही होत नाही. जोडताना हीच तार सगळ्यांत शेवटी. हातातली अंगठी, घड्याळ आधी काढून ठेवावे.

तारा सोडवण्यापूर्वी मुलीने मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवले. आमच्या वेळी कागदावर आकृती काढीत, हे बरे. जाड तारेचा नट सोडवताना त्याच्या मागचा नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाहीतर तांब्याची खिळी आतून पिळवटते. बोल्टांवर आदल्या रात्री गंज सुटायचे तेल मारले होते. तरीही शेवटच्या बोल्टाने अर्धा तास खाल्ला. बोल्ट सुटतानाच एका हाताने सेल्फ पेलून धरावा, तो दिसतो त्याहून बराच जड असतो.

बुधवारी सकाळी सेल्फ गोणपाटात गुंडाळून मी एस.टी.त बसलो. गळिताचा हंगाम, त्यामुळे निमगाव केतकीपासून भवानीनगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती. शेजारच्या आजींनी गोणपाटाकडे पाहून "लेकराला फणस का?" असे विचारले. तुमच्या दुखण्याचा नमुना बरोबर नेणे मात्र फार आवश्यक. बारामतीच्या दुकानदाराने समोर ठेवलेला पहिला सेल्फ दिसायला जुळा भाऊच होता. पुढचे पिनियन मोजले तर दहा दाते, आमच्याला नऊ. हे दाते एंजिनाच्या फ्लायव्हीलवरच्या मोठ्या कड्यात शिरून त्याला फिरवतात. एका दात्याचा फरकही चालत नाही, दोन्हीकडचे दाते खाऊन टाकतो. "बसतंय हो, सगळे बसवतात," असे तो म्हणाला. सगळे बसवत असतील, मी नाही बसवला. आत जाऊन त्याने पुन्हा भरलेला दुसरा आणला. दाते नऊ, बोल्टांची भोके जुन्यावर तंतोतंत. तो पायाखाली घट्ट दाबून बॅटरी लावून पाहिला. पिनियन झटक्याने पुढे आले आणि फिरले. सेल्फ मोकळा ठेवून अशी परीक्षा कधी करू नये, तो जागेवरून उडी मारतो.

बसवण्याचे काम काढण्यापेक्षा सोपे, फक्त एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. सेल्फची परतीची वीज त्याच्या अंगातून एंजिनाकडे जाते. म्हणून जिथे तो टेकतो ती जागा काच कागदाने घासून उजळ केली पाहिजे. शेकडो अँपिअर वीज गंजातून जायला तयार नसते. तारांच्या टोकांचेही तसेच. मामांनी पिनियनच्या दांड्याला ग्रीस लावू दिले नाही. "धूळ धरून बसेल," म्हणाले.

दिवेलागणीला मुलगी किल्लीपाशी बसली. "बाबा, फिरवू?" मी अर्थिंगचा शेवटचा नट आवळून मान हलवली. पहिल्याच फिरकीला एंजिन घुमले. आत देवापाशी बसलेल्या आईने विचारले, "लागली का गं?" आणि कपड्यांची पिशवी भरायला घेतली. गुरुवारी सहाला निघालो. बारामतीला दवाखान्याच्या फाटकाशी गाडी बंद केली, दुपारी पुन्हा किल्ली फिरवली. डोळ्यावर पट्टी, पाय लांब, आई मागे झोपून आली.

जुना सेल्फ मी मोडीत दिला नाही. उघडल्यावर मामांचेच खरे निघाले. कार्बन बोटाच्या नखाएवढे उरले होते, आणि टोकाचा पितळी बुशही लंबगोल झाला होता. नवे कार्बन, नवा बुश, आर्मेचरच्या पट्ट्यांची सफाई, एवढ्यावर तो पुन्हा फिरू लागला. आता त्याच गोणपाटात डिकीच्या कोपऱ्यात असतो. आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख माघात आली. त्या वेळी काही त्याची गरज पडली नाही.