जुनी बॅटरी गोठ्यामागे नको!

दसरा-दिवाळीची साफसफाई निघाली की घराघरातून एक ढीग बाहेर पडतो. बंद टीव्ही, जळालेला मिक्सर, फुटक्या काचेचा मोबाइल, इन्व्हर्टरची मेलेली बॅटरी. कात्रपला एके काळी भाताची खाचरे होती, आज तिथे इमारती आहेत. पण हा ढीग काही फक्त इमारतींचा नाही. चामटोली, कासगाव, वांगणीकडेही घरोघरी मोबाइल आहेत, विहिरीवर मोटारीचा स्टार्टर आहे, फवारणीचा पंपसुद्धा आता बॅटरीवर चालतो. बिघडलेली वस्तू मग जाते कुठे? थोडी भंगारात, थोडी गोठ्यामागे. वायरी बांधावर पेटवून तांबे काढले जाते.

तांब्याचे चार पैसे मिळतात हे खरे. पण वायरीच्या प्लॅस्टिकच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात आणि राख आपल्याच खाचरात राहते. जुन्या टीव्हीच्या काचेत आणि आतल्या डाखात शिसे असते. शेण कुजते, पेंढा कुजतो, शिसे कुजत नाही. ते मातीत गेले की पिढ्यान् पिढ्या तिथेच राहते. पालेभाजीला चिकटलेल्या मातीतून ते घरात येते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त अपाय होतो.

दुभत्या जनावराचा धोका तर हातातोंडाशी आहे. फुटक्या बॅटरीतले शिशाचे क्षार चवीला गोडसर, म्हणून गाई-वासरे ते चाटतात. मग जनावराला दिसेनासे होते, ते दात खाते, भिंतीला डोके लावून उभे राहते, झटके येतात. अशा वेळी घरगुती उपायात वेळ घालवू नका. पशुवैद्यकांना बोलवा, बॅटरी चाटल्याची शंका आधी सांगा आणि ते सांगेपर्यंत दूध वापरू नका.

कुणी म्हणेल, 'आम्ही ओढ्याच्या कडेला टाकतो.' ओढ्याचे पाणी शेवटी उल्हास नदीतच जाते. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. रेल्वेगाडीला वेढा घालणारे पाणी काठावरचा कचरा जागेवर ठेवील काय? बदलापूर-अंबरनाथची माणसे याच नदीचे पाणी पितात.

मग करायचे काय?

१) वस्तू दुरुस्त होत असेल तर आधी दुरुस्त करा.
२) बॅटरी फोडू नका, आतले पाणी ओतू नका. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या, किमतीत सूट मागून घ्या.
३) मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचू नका, पेट घेते. टोकांना चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा.
४) ट्यूब, सीएफएल दिव्यात पारा असतो. फुटल्यास खिडक्या उघडा, झाडू न मारता जाड कागदाने तुकडे गोळा करा आणि झाकणाच्या बरणीत भरा.
५) मोबाइल देण्याआधी सिमकार्ड काढा, आतले फोटो आणि बँकेची माहिती पुसा.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. वस्तू बनविणाऱ्या कंपनीवर तिच्या शेवटाचीही जबाबदारी आहे आणि हा माल फक्त नोंदणीकृत कारखान्यानेच मोडायचा आहे. सौर पंपावरचे पॅनेलसुद्धा त्यात आले. अशा कारखान्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. एकट्या शेतकऱ्याच्या दोन मोबाइलसाठी कुणी गाडी पाठवणार नाही, गावाचा माल एकत्र असेल तर येईल. पंचायतीत एक कोरडी, कुलूपबंद खोली ठरवा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्या, दवंडी द्या, वर्षातून दोनदा माल गोळा करून यादीतल्या कारखान्याला द्या आणि पावती दप्तरी ठेवा. खर्च फारसा नाही.

तोपर्यंत शेतकरी बंधूंनो, आज संध्याकाळी एवढेच करा. गोठ्यामागे एक चक्कर मारा. जुनी बॅटरी पडली असेल तर हातमोजे घालून उचला आणि जनावराचे तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवा.