गवत जळतं, तेव्हा हिशेबात काय धरतात?

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्स वस्तीतल्या तळ्याकाठी, हिरवळीत वाकून पाहिलं तर मातीत बसवलेलं फवाऱ्याचं तोंड दिसतं. दुबईतल्या बागा बऱ्याच अंशी शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर जगतात. हे गवत बारा महिने ओलं, म्हणून ते पेट घेत नाही. शहराबाहेरचं वाळवंट बारा महिने कोरडं, तिथे पेटायला गवतच नाही. संयुक्त अरब अमिरातीत वर्षाकाठी पाऊस सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा पाण्यावर काय वाढणार आणि काय जळणार?

वणव्याला दोन्ही लागतं: आधी भरपूर पाऊस, मग लांबलचक उघडीप. महाबळेश्वरला वर्षभरात पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. कमरेएवढं गवत माजतं. शिमग्यापर्यंत ते कडकडीत वाळलेलं असतं आणि एक ठिणगी पुरते. जगभरातल्या गवताळ आगींचा नकाशा पाहिला की पावसाचं वेळापत्रकच समोर येतं.

या आगींचा देशवार हिशेब ठेवला जातो. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना लहानमोठ्या सगळ्या देशांसाठी तो मांडते. किती जमीन जळली, तिच्यावर किती वाळलेलं गवत होतं, त्यातलं किती खरंच जळालं आणि एक किलो गवतामागे कोणता वायू किती निघाला, या चार गोष्टींचा हा गुणाकार.

हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २००६च्या मार्गदर्शिकेत गवताळ आगींसाठी आकडे दिले आहेत. एक टन वाळलेलं गवत जळलं की सुमारे १,६१३ किलो कार्बन डायऑक्साइड, २.३ किलो मिथेन आणि २१० ग्रॅम नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. टनभर गवतातून दीड टनाहून जास्त वायू कसा? गवतातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो आणि वजन वाढतं.

खरी गंमत पुढे आहे. या हिशेबात ते १,६१३ किलो धरतच नाहीत! कारण तो कार्बन गवताने याच पावसाळ्यात हवेतून घेतला होता आणि पुढच्या मृगात नवं गवत उगवलं की तो पुन्हा ओढून घेतला जाणार. उरतात ते दोन किरकोळ वाटणारे वायू. गवताने हवेतून मिथेन घेतला नव्हता. धुमसत्या, ओलसर बुडख्यांना ऑक्सिजन पुरत नाही, तिथे तो नव्याने तयार होतो. नायट्रस ऑक्साइड येतो गवताच्या पात्यातल्या नायट्रोजनमधून. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, नायट्रस ऑक्साइड २६५ पट. गुणाकार करून पाहा: २.३ किलोचे झाले ६४, २१० ग्रॅमचे ५६. टनामागे जवळपास १२० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा बोजा. २१० ग्रॅम नायट्रस ऑक्साइड सुमारे दोन किलो मिथेनच्या तोडीला येतो!

आता जळलेली जमीन मोजायची कोणी? टेरा आणि ॲक्वा हे उपग्रह सुमारे सातशे किलोमीटरवरून फिरतात. आग ते अशी ओळखतात: सत्तावीस अंशांची जमीन आणि सव्वापाचशे अंशांची ज्वाळा, दोन्हींतून अवरक्त किरण निघतात. पण चार मायक्रोमीटरच्या पट्ट्यात पाहिलं तर ज्वाळा तेवढ्याच जमिनीपेक्षा हजार पटींहून जास्त झळकते. अकरा मायक्रोमीटरच्या पट्ट्यात जेमतेम वीसेक पट. अंधाऱ्या माळावर दूर कुणी काडी ओढावी आणि नजर तिकडेच जावी, तसं हे. म्हणूनच एका चौरस किलोमीटरच्या ठिपक्यात दहा गुंठ्यांची आगही पकडता येते.

आग दिसणं वेगळं आणि जळालेलं रान मोजणं वेगळं. त्यासाठी उपग्रह नंतर पडलेला काळा डाग शोधतो आणि तो चौकोन असतो पाचशे मीटरचा, म्हणजे साठेक एकरांचा. छोटे डाग त्यातून निसटतात. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला २०१६ साली जळालेलं रान सेंटिनेल-२ उपग्रहाच्या वीस मीटरच्या बारीक नजरेने मोजलं, तेव्हा ते आधीच्या मोजणीपेक्षा ८० टक्के जास्त भरलं. लहान देशाच्या रकान्यातलं शून्य वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं. अमिरातीसारख्या वाळवंटी देशात त्याचा अर्थ सरळ आहे: जळायला गवतच नाही. तिथला मोठा बोजा येतो तेल-वायू, वीज आणि समुद्राचं पाणी गोडं करण्यातून. पण जिथे उतार गवताळ आहेत आणि आगी तुकड्या-तुकड्यांच्या, तिथे शून्य म्हणजे ‘दिसलं नाही’ असंही असू शकतं. सह्याद्रीतले वणवे नेमके असे तुकड्या-तुकड्यांचे.

आणि हिशेबातली ती मोठी सूट? गवत परत येतं, या एका भरवशावर ती दिलेली आहे. साताऱ्याच्या डोंगरावर वणवा शिरतो तेव्हा सोबत लावलेली रोपं जळतात, अनेक वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी जळते, पक्ष्यांची अंडी जळतात आणि उघडी पडलेली माती पहिल्या वळवात ओढ्याला लागते. हे पुढच्या पावसाळ्यात भरून येत नाही. डोंगर जाळला की गवत जोमाने येतं, ही समजूत म्हणूनच महाग पडते.

भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगींच्या सूचना राज्यांना पाठवतं. पण सूचना येते ती आग लागल्यावर. त्याआधीचं काम जमिनीवरच करावं लागतं: गवत पुरतं वाळण्याआधी आग अडवणाऱ्या जाळरेषा काढणं, बिडी-काडी सांभाळणं, उतार राखणं. माणसांच्या या राखणीमुळे वाचलेलं एकेक टन गवत १२० किलोंचा बोजा टाळतं आणि कुठल्याच सूत्रात न बसणारी माती डोंगरावर ठेवतं.